निळ्या स्विचचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना मेकॅनिकल कीबोर्ड आहे. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला डोळे नाहीत. माणूस मी ओळखतो तो बोटांवरून आणि आवाजावरून. कुणाचं बोट अक्षर शोधत येतं, कुणाचं घाईघाईने पडतं, आणि काही लपवायचं असलं की तेच बोट कसं हलकं होतं, हे मला बरोबर कळतं. पण कळलेलं सांगता येत नाही. लोक दाबतील तेवढंच मी लिहितो. महागावच्या एका घरात एवढ्याशा कारणाने केवढा घोळ झाला, त्याची ही हकीकत.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एकच पातळ थर असतो. माझं तसं नाही. माझ्या प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी आहे. तिला स्विच म्हणतात. डबीत एक बारीक स्प्रिंग असते आणि खाली धातूच्या दोन नाजूक पिना. चिमट्याने ही डबी उपटता येते आणि तिच्या जागी दुसरी बसवता येते.

या स्विचांच्या जाती रंगावरून ओळखतात. निळा स्विच दाबला की मध्येच किंचित अडतो आणि 'टक्' असा वाजतो. अक्षर उमटलं हे बोटाला आणि कानाला एकदमच कळतं, म्हणून टाइप करणाऱ्यांचा त्यावर जीव. लाल स्विच न अडता, न बोलता, सरळ खाली जातो. खेळणाऱ्यांना तोच लागतो, कारण एकच बटण भराभर कितीही वेळा दाबता येतं. तपकिरी या दोघांच्या मधला, अडतो पण ओरडत नाही. मला विचाराल तर लाल स्विचवर माझा पहिल्यापासून संशय. जो काम करतो आणि केल्याचं कळू देत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवलेलं बरं.

माझा पहिला मालक यवतमाळच्या एका होस्टेलवर राहणारा विद्यार्थी होता. सुरुवातीला त्याने माझं फार कौतुक केलं. मित्रांना बोलावून बोलावून माझा आवाज ऐकवला. मग शेजारच्या खोलीतली मुलं ओरडू लागली, आणि मी पलंगाखालच्या खोक्यात गेलो. तिथे पुष्कळ दिवस धूळ खात पडलो. शिक्षण संपवून निघताना त्याने मला अश्वजितला विकून टाकलं.

अश्वजित महागावचा. तिथल्याच एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याने मला घरी आणलं, पहिल्यांदा उलटं करून झटकलं, मग एकेक बटण काढून ब्रशने पुसलं. इतक्या निगुतीने मला कुणीच हाताळलं नव्हतं. म्हणून मी जास्तच सावध झालो. लगेच त्याने माझे निळे स्विच उपटून लाल बसवायला घेतले. संध्याकाळी दुकानातून आला की तो कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायचा. फुलसावंगीचा त्याचा मित्र प्रेम मोटरसायकलने यायचा, स्वतःचा लॅपटॉप आणायचा, आणि दोघे एका बाजूने लढायचे. यवतमाळच्या एका कॉलेजात या खेळाची स्पर्धा होणार होती. दोघांनी त्यात नाव घातलं होतं.

अश्वजितचे वडील राजकुमार एसटीत कंडक्टर होते. घरी असले की दारातूनच म्हणायचे, "हे पोरगं दिवसभर दुसऱ्याचे मोबाइल दुरुस्त करते, अन् सांज झाली का स्वतः बिघडते." माझ्यावर त्यांचा संशय होता तो असा उघड. आई सत्यशीलाबाई अंगणवाडी सेविका होत्या. त्या काही बोलायच्या नाहीत. सकाळी ओल्या फडक्याने टेबल पुसताना माझ्यावरूनही एक हात फिरवायच्या. त्यांचा हात मला ठाऊक होता तो एवढाच, फडक्याआडून.

आणि होती दीपा, अश्वजितची मोठी बहीण. एका सरकारी कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी ती लेखी परीक्षा पास झाली होती. आता मराठी टायपिंगची चाचणी बाकी होती, आणि तिला स्वतःचा कीबोर्ड न्यायची मुभा होती. तिने माझ्या बटणांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवले, टाइप करून पाहिलं आणि वैतागली.

"अश्वू, हे तुहे लाल बटणं काही कामाचे नाई. बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडते. मले कळतच नाई कोणतं उमटलं अन् कोणतं नाई."

"अन् निळे टाकले तं मले धावता येत नाई ताई. बटण मधातच अडते. तेवढ्यात समोरचा गोळी घालते."

"तुह्या गोळीपायी माही नोकरी जाईन."

दोन दिवस असं चाललं. शेवटी अश्वजितनेच तोड काढली. खेळात धावायला डाव्या हाताखालची चारच बटणं लागतात, ती लाल ठेवायची. बाकी सगळी निळी. त्या चारांतलं एक बटण खेळात शिपायाला उजवीकडे नेतं, आणि मराठीत तेच बटण अक्षराचा पाय मोडतं. म्हणजे त्याच्यावाचून एकही जोडाक्षर होत नाही. हे बटण नीट लक्षात ठेवा.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी दीपाची बोटं माझ्यावर पावसाच्या थेंबांसारखी वाजायची. तिचा वेग वाढत होता. टायपिंग क्लासच्या सरांनी तिची पाठ थोपटली, हे तिने घरी दोनदा सांगितलं. संध्याकाळी अश्वजित आणि प्रेम जिंकायचे आणि टेबलावर थाप मारायचे. प्रेम कधी कधी अश्वजितच्या जागी बसायचा. त्याची बोटं हलकी, नखं बारीक कापलेली. चिमट्याने स्विच कसा काढायचा हेही अश्वजितने त्याला शिकवलं होतं.

मग एका दुपारी एक अनोळखी हात आला.

घरात शांतता होती. दीपा क्लासला, अश्वजित दुकानात, वडील ड्युटीवर. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर सुरू झाला. एक बोट माझ्यावरून फिरू लागलं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, जणू अंधारात काही हुडकत होतं. मग 'टक्'. बराच वेळ काही नाही. पुन्हा 'टक्'. बाहेर फाटक वाजलं की बोट उचललं जायचं. शेवटी लिहिलेलं सगळं पुसलं गेलं, आणि मी होतो तसा सरळ करून ठेवला गेलो.

मी घाबरलो नाही, पण संशयाने माझं अंग अंग ताठलं. सरळ काम करणारा माणूस कडी कशाला लावील? लिहिलेलं पुसून कशाला टाकील? अश्वजितच्या कॉम्प्युटरवर त्याच्या खेळाचं खातं होतं, दीपाची कागदपत्रं होती. प्रेमचा हात मला माहीत होता, तो हा नव्हता. पण मनात आलं, माणसं हातसुद्धा बदलून वागू शकतात. दुसऱ्या दिवशी तो हात पुन्हा आला. नंतर रोज येऊ लागला.

अशाच एका दुपारी माझ्यावर काहीतरी कोमट सांडलं. तो हात धडपडला. घाईघाईने कापडाने पुसलं गेलं. मग एका टोकदार वस्तूने डाव्या बाजूचं एक बटण उचकटलं गेलं आणि त्याच्याबरोबर खालची डबीही उपटून आली. ती तशीच, वाकडीतिकडी, परत दाबून बसवली. माझ्या आत एक पिन दुमडली. ते बटण कोणतं होतं, हे तुम्ही ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी मला क्लासमध्ये नेऊन दीपाने सरावाची परीक्षा दिली. घरी आली तेव्हा ती रडण्याच्या बेतात होती.

"अश्वू, खरं सांग, तू माह्या बटणाले काय केलं?"

"काही नाई केलं."

"मंग न्यायालयाचं नयायालय कसं झालं? प्रशासनाचं परशासन झालं! सरांनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं. सगळे हासून राह्यले होते."

"मी तुले नापास करून काय कमावणार हाय?"

"तुले तुही स्पर्धा दिसते फक्त. तुले मनातून लाल बटणं पाहिजे व्हते."

त्याच संध्याकाळी खेळताना अश्वजितचा शिपाई उजवीकडे सरकेना. तो भिंतीपाशी उभा राहिला आणि मेला. अश्वजितने चिमटा घेतला, डबी उपटली आणि तिच्या पिना बोटाने चाचपल्या. मग प्रेमला म्हणाला, "पिन वाकली हाय. कोणीतरी काढून पुन्हा बसवली."

"मंग?" प्रेम म्हणाला.

"या घरात चिमटा दोघांलेच वापरता येते. मले अन् तुले."

"म्हणजे काय म्हणून राह्यला तू?"

"तुले त्या पुसदच्या टीमनं त्याहिच्याकडून खेळाले बोलावलं व्हतं ना?"

"बोलावलं व्हतं. मी नाई म्हटलं त्याहिले. तुह्यासाठी नाई म्हटलं."

"असन. पण पिन आपोआप तं वाकत नाई."

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. प्रेम दारापर्यंत गेला आणि थांबला. "तुह्यासोबत खेळाले मी फुलसावंगीहून येतो अश्वजित. मले चोर म्हणाचं असन तं तोंडावर म्हण, असं फिरून फिरून नोको म्हणू." अश्वजितने त्याला थांबवलं नाही. मोटरसायकल सुरू झाली आणि गेली.

मित्रांनो, त्या क्षणी मला एक शब्द लिहिता आला असता तर मी 'नाही' एवढंच लिहिलं असतं. पण माझ्यावर कुणाचंच बोट नव्हतं.

त्यानंतर त्या घरात सगळे एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघत असावेत. मला ते आवाजांवरून कळायचं. ताट जरा जोरात ठेवलं जायचं. विचारलं तेवढंच उत्तर यायचं. अश्वजितने पिन सरळ केली, तरी दीपाचा विश्वास बसेना. ती मला फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवू लागली आणि किल्ली बाबासाहेबांच्या फोटोमागे. पण दुपार झाली की किल्ली फिरायची, फडकं सुटायचं, आणि तो हात यायचाच.

एक दिवस दीपाला फडक्याची गाठ वेगळी दिसली. तिने अश्वजितला गाठलं. मी दिवसभर दुकानात होतो, मालकाला विचार, असं तो म्हणाला. आता दोघांनाही कळून चुकलं की हे बाहेरच्या माणसाचं काम नाही. प्रेमला किल्लीची जागा माहीत नव्हती.

अश्वजितचा आवाज एकदम खाली गेला. "ताई, मी त्याले उगाच बोललो मंग."

"ते मंग पाहू. आधी हे कोण करून राह्यलं ते पाहू."

त्याने माझे चारही लाल स्विच काढले आणि निळे बसवले. "लाल बटण दाबलं तं आवाज येत नाई. आता कोणतंबी दाबलं तं मागच्या अंगणात ऐकू येईन."

"अन् तुही स्पर्धा?"

"कोणासोबत खेळू आता?"

दुसऱ्या दिवशी दोघे रोजच्यासारखे घराबाहेर पडले आणि मागच्या बाजूने परत आले. मला ते माहीत नव्हतं. मी कपाटात होतो. किल्ली फिरली, फडकं सुटलं, कडी लागली. ते बोट माझ्यावर उतरलं. पहिल्या दिवसापेक्षा आता ते बरंच सरावलेलं होतं. टक्, टक्, टक्. माझा आवाज खोलीभर झाला. बोट क्षणभर दचकलं, पण थांबलं नाही.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं.

"कोण हाय?" अश्वजित ओरडला.

बोटं माझ्यावरच राहिली. नको ती अक्षरं उमटत गेली.

"आई?" दीपा म्हणाली.

"पुसून राह्यली होती मी," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"पुसतानी टक टक वाजते का, आई?"

दीपा जवळ आली आणि पडद्यावरचं हळूहळू वाचू लागली. "अंगणवाडी केंद्रातील बालकांची उंची व वजन... आई, हे तू लिहिलं?"

"आमच्या खात्याची परीक्षा हाय. पर्यवेक्षिकेची," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "लेखीची मले भीती नाई. पण कॉम्प्युटरवर टाइप करून दाखवा लागते."

"मंग आम्हाले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं व्हतं. तुम्ही निळे-लाल करून राह्यले होते तवा मी म्हटलं, मलेबी शिकवा. तुम्ही हासले. म्हणे, आई, तुले कायले पाहिजे हे, तू आपली भाकर टाक."

"कोण म्हटलं व्हतं असं?" अश्वजितने विचारलं.

"कोणबी म्हटलं असन. हासले दोघंबी."

खरं सांगतो, ते बोलणं मीही ऐकलं होतं. रोजच्या बोलण्यातलं एक म्हणून ते माझ्यावरून निघून गेलं होतं.

"चहा सांडला तवा तुम्ही बोंबलसान म्हणून केसातल्या पिनेनं बटण काढलं. तं खालची डबीच हातात आली. दाबून बसवली कशीतरी."

"अन् आम्ही भांडलो तेव्हा तुले कळलं नाई का?"

"कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सांगतलं असतं तं माहं शिकणं तितंच बंद झालं असतं. प्रेमचं नाव निघालं तवा सांगाले पाहिजे व्हतं. पण तोंड नाई उघडलं. ते माहं चुकलं."

अश्वजित तसाच बाहेर गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज फुलसावंगीच्या रस्त्याने लांबत गेला. दीपाने दुसरी खुर्ची ओढली. तिने आईची बोटं एकेक करून माझ्या मधल्या ओळीवर ठेवली. "असं एका बोटानं नाई आई. सगळे लावा लागते. पाह्य."

तेव्हा मला तो हात पहिल्यांदा नीट कळला. बोटं खरबरीत होती, तव्याने पोळलेली, आणि कशालाही घाबरत नव्हती. फडक्याआडून तो हात रोज माझ्यावरून फिरत होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं.

पुढे दीपाने मला यवतमाळला चाचणीसाठी नेलं. चाचणी घेणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट करून तपासलं, एवढा का वाजतो म्हणून दोनदा विचारलं, आणि शेवटी बसू दिलं. एकही जोडाक्षर सुटलं नाही. दीपाला नोकरी लागली, आणि तिथे तिला ऑफिसचा साधा कीबोर्ड मिळाला. सत्यशीलाबाईंची परीक्षा त्यानंतर झाली. त्याही पास झाल्या आणि पर्यवेक्षिका म्हणून झरी जामणीला गेल्या. जाताना त्यांनी मला साडीत गुंडाळून पिशवीत घातलं.

आता मी तिथल्या एका छोट्या कार्यालयात असतो. बाहेर जंगल आहे, वीज येते-जाते. माझे स्टिकर झिजले आहेत, पण त्यांची गरज राहिलेली नाही. सत्यशीलाबाई गावोगावच्या मुलांची वजनं माझ्यावर लिहितात. दहाही बोटांनी लिहितात. आवाजाबद्दल कुणी कुरकुर केली तर म्हणतात, "वाजू दे. लपून कायले लिहाचं?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कीबोर्ड असेल तर त्याच्याजवळ चहा ठेवू नका. अधूनमधून ब्रशने धूळ काढा. स्विच काढायचा असेल तर चिमट्याने सरळ वर ओढा, आणि बसवण्याआधी दोन्ही पिना ताठ आहेत ना, ते बघा. अक्षर गळायला लागलं तर आधी त्याला उघडून बघा. घरातल्या माणसांवर त्याआधी बोट दाखवू नका. आणि कुणी शिकायला मागितलं तर हसू नका. मी संशयी आहे तो आहेच, आता या वयात बदलणार नाही. पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. विचारून घेत जा.

अश्वजितचा फोन आला की सत्यशीलाबाई तो माझ्या शेजारी ठेवून बोलतात, म्हणून तिकडचं मला कळतं. फुलसावंगीला गेला त्या दिवशी त्याने प्रेमच्या दारात उभं राहून माफी मागितली होती. नंतर सत्यशीलाबाईही स्वतः जाऊन आल्या होत्या. प्रेम दोघांशी चांगलं बोलला. तो आता पुसदच्या टीममध्ये खेळतो. अश्वजित महिन्यातून एकदा तरी फुलसावंगीला जातो. दोघे चहा पितात, गावातल्या गोष्टी करतात.

परवा सत्यशीलाबाईंनी फोनवर विचारलं, "मंग, खेळले का रे दोघं?"

"म्हटलं मी त्याले," अश्वजित म्हणाला. "तो म्हणे, आज नाई बे, काम हाय."